चोवीसातले सात

म्हसवडच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या मंडळींनो, आणि पुढच्या दोन रांगांत वह्या उघडून बसलेल्या, यंदाच कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलामुलींनो,

सिद्धनाथाचा रथ नुकताच ओढून झाला आहे. येताना पाहिलं, रस्त्याच्या कडेला गुलाल अजून तसाच आहे. दिवाळी पाडव्याला सुरू झालेलं देवाचं लग्न मार्गशीर्षातल्या वरातीनं पार पडलं. ज्या गावात देवाचं लग्नसुद्धा महिनाभर रीतसर, मानपानासकट होतं, त्या गावात कुटुंब-कायद्यावर बोलायला मला मुद्दाम प्रस्तावना लागत नाही.

ज्या वकीलसाहेबांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या मुलांनी विषय दिला तो असा : कायदा शिकायला सुरुवात करणाऱ्यानं आधी काय शिकावं? तुमच्या हातात विषयांची यादी आहेच. करार, अपकृत्ये, संविधान, गुन्ह्यांचा कायदा, कुटुंब-कायदा. यादी वाचून दाखवायला मी आले नाही. मी तुम्हाला सांगलीतला एक दावा सांगणार आहे. तो नीट समजला तर यातले तीन विषय तुमच्या घरात शिरतील. आणि त्या दाव्याच्या पुढे जे आहे, जे कोणत्याही निकालपत्रात येत नाही, ते मला आज खरं बोलायचं आहे.

खंडाप्पा संगाप्पा मगदूम नावाचे गृहस्थ २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मालमत्ता म्हणजे दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि काही जंगम चीजवस्तू. आपल्या सातारा-सांगलीकडे एखाद्या बऱ्या घरात असते तेवढीच. ६ नोव्हेंबर १९६२ ला हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. विरुद्ध बाजूला पहिला प्रतिवादी कोण? पोटचा मुलगा, गुरुपाद. कायद्याच्या पुस्तकात हा खटला गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडाप्पा मगदूम या नावानं छापलेला आहे आणि देशभरातल्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. मुलं नाव पाठ करतात आणि पुढे जातात. मी म्हणते, जरा थांबा. आईनं मुलाविरुद्ध दावा लावायला १९६२ साली काय लागलं असेल? सांगलीच्या कोर्टाच्या आवारात ती कोणाबरोबर गेली असेल? निकालपत्र याबद्दल गप्प आहे, पण ते वाचताना तुम्ही हे विचारलं पाहिजे.

हिराबाईंनी मागितला ७/२४ हिस्सा. आता हे सात आणि चोवीस आले कुठून?

आपल्याकडे मिताक्षरा पद्धत चालते. विज्ञानेश्वरानं मिताक्षरा हा ग्रंथ लिहिला कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. सोलापूर ओलांडलं की पलीकडे. त्या पद्धतीत मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क. बाप आणि मुलगे एकत्र मालक, त्यांना सहदायाद म्हणायचं. पत्नीला स्वतः उठून वाटणी मागता येत नाही. पण बाप आणि मुलांमध्ये वाटणी झालीच, तर तिला मुलाएवढा हिस्सा मिळतो. हे झालं जुनं.

मग १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्यानं एकत्र कुटुंब मोडलं नाही, पण एक खिडकी उघडली. पुरुष वारला आणि मागे पत्नी, आई किंवा मुलगी असेल, तर त्याचा हिस्सा आपोआप मुलग्यांकडे सरकणार नाही. तो सगळ्या वारसांत वाटला जाईल. पण मेलेल्या माणसाचा हिस्सा किती होता ते ठरवायचं कसं, घर तर एकत्रच होतं? कायदा म्हणतो, कल्पना करा की मरणाच्या क्षणभर आधी वाटणी झाली. तिला काल्पनिक वाटणी म्हणतात.

आता वही काढा. खंडाप्पा, हिराबाई, दोन मुलगे. वाटणी झाली असती तर चौघांना पाव-पाव. खंडाप्पांच्या वाट्याचा पाव आता सहा वारसांत वाटायचा : पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पावाचा सहावा भाग म्हणजे एक चोविसांश. तीन मुलींना प्रत्येकी एक. मुलग्यांना आपापले सहा आणि वडिलांकडून आलेला एक, म्हणजे सात-सात. आणि हिराबाईंना?

इथेच भांडण होतं. मुलाचं म्हणणं, मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित होती आणि त्यांनी हयातीतच वाटणी केली होती. ते कोर्टाला पटलं नाही. पण दुसरा प्रश्न अवघड होता. ती वाटणी तर काल्पनिक, फक्त मेलेल्याचा हिस्सा मोजण्यापुरती. मग त्या कल्पनेतून आईला तिचा पाव खरोखर द्यायचा का? सांगलीच्या न्यायाधीशांनी जुलै १९६५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या आधीच्या एका निकालाला धरून, सांगितलं की नाही. आईला एक चोविसांश. मुलींएवढाच.

चोवीस भाकऱ्यांतली एक आणि चोवीस भाकऱ्यांतल्या सात, यातला फरक मला या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. याच म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना सही येत नव्हती. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. इथल्या बाईला अपूर्णांक कळतो. तो अपूर्णांक कोणत्या कागदावर लिहिला जातो, तेवढंच तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

दावा मुंबईला गेला. उच्च न्यायालयानं मार्च १९७५ मध्ये हिराबाईंच्या बाजूनं निकाल दिला. गुरुपाद दिल्लीला गेले. २७ एप्रिल १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, आणि तेव्हा त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. तुम्ही वाटणी झाली असं एकदा मानलंत ना? मग ते शेवटपर्यंत माना. मेलेल्याचा हिस्सा काढण्यापुरती वाटणी खरी धरायची आणि त्याच वाटणीतून विधवेच्या पदरात पडणारं द्यायची वेळ आली की ती खोटी म्हणायची, असं चालणार नाही. हिराबाईंना त्यांचा पाव आणि त्यावर एक चोविसांश. एकूण ७/२४.

१९६२ ते १९७८. साडेपंधरा वर्षं. सांगली, मुंबई, दिल्ली. आता ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसू लागलं आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. एखाद्या बाईला मुंबईऐवजी कोल्हापूरपर्यंत जावं लागणं, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. पहाटेच्या एसटीनं जाऊन रात्री घरी परत येता येतं.

आता दुसरी मांडणी करा. तेच घर, तीच सहा माणसं, पण आजचा कायदा. मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क. महाराष्ट्रानं हे २२ जून १९९४ लाच केलं होतं, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून. देशाचा कायदा ९ सप्टेंबर २००५ ला बदलला आणि लग्नाची ती अट गेली. तरी कोर्टांत वाद चालूच राहिला, की २००५ ला बाप जिवंत असायला हवा की नको. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं तो मिटवला. हक्क जन्मानं येतो, बापाच्या हयातीवर तो टांगलेला नाही. मग खंडाप्पांच्या घरात वाटणीला बसणारे झाले सात : बाप, आई, पाच मुलं. प्रत्येकाला एक सप्तमांश. बापाचा सप्तमांश पुन्हा सहांत. बेरीज करा, प्रत्येकाला बरोबर एक षष्ठांश येतो. चोवीसाच्या भाषेत प्रत्येकाला चार.

मुली एकावरून चारावर गेल्या. मुलगे सातावरून चारावर आले. आणि आई? तीही सातावरून चारावर आली. हे मी मुद्दाम सांगते, कारण वर्गात मुलं उत्साहानं म्हणतात की नव्या कायद्यानं बायकांचा हिस्सा वाढला. कोणत्या बायकांचा? मुलीचा वाढला, त्याच घरातल्या विधवेचा घटला. मला स्वतःला हा बदल न्याय्य वाटतो. पण 'बायका' असा एकच ढीग करून कायदा वाचायचा नाही, हे पहिल्या वर्षालाच शिका. घरात आई असते, मुलगी असते, सून असते, परत आलेली बहीण असते, आणि प्रत्येकीचा अपूर्णांक वेगळा मोजावा लागतो.

इथे संविधान येतं, आणि ते साताऱ्यामार्गे येतं. नोव्हेंबर १९०० मध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. पुढच्या मार्चमध्ये त्याच शहरात प्रल्हाद गजेंद्रगडकर यांचा जन्म झाला, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्याच भीमरावांनी, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू संहितेच्या मसुद्यात मुलीला मुलाएवढा वाटा ठेवला आणि जन्मस्वत्वाची जुनी चौकटच काढायचं ठरवलं. विधेयक अडकलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे १९५५-५६ मध्ये चार वेगवेगळे कायदे झाले, पण चौकट राहिली, आणि मुलीला बापाच्या हिश्श्यातला तुकडा मिळाला. खंडाप्पांच्या मुलींचा एक चोविसांश आला तो तिथून.

आणि त्याच १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी यांचा खटला चालला. मुंबई प्रांतानं १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्येला बंदी केली होती. ती समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं म्हणणं होतं. न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर या दोघांनी सुधारणेचा तो कायदा उचलून धरला. पण वाटेत त्यांनी असंही म्हटलं, की धर्मावर आधारलेला व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येत नाही. सुधारणा वाचली, पण तिच्याबरोबर एक कुलूपही बसलं. त्या कुलपावर वाद अजून चालू आहे. संविधानाचा पेपर तुम्ही कलमं पाठ करून सोडवाल. पण कलम १३ म्हणजे काय ते कळायचं असेल तर हा खटला वाचा, आणि वाचताना हिराबाईंना बाजूच्या खुर्चीवर बसवा.

लग्नाबद्दल थोडंच बोलते. हिंदू विवाह कायद्यानं भावाबहिणीच्या मुलांचं आपसांतलं लग्न निषिद्ध नात्यात टाकलं आहे. म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न नाही. या सभागृहात मामाच्या मुलीशी लग्न झालेले किती जण आहेत? हात वर करू नका, मला माहीत आहे. ही लग्नं कशावर उभी आहेत? 'रूढी परवानगी देत असेल तर' एवढ्या शब्दांवर. आणि ती रूढी जुनी, अखंड, निश्चित असावी लागते, तिचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा ग्रंथात नसतो. तो तुमच्या आजीच्या तोंडी असतो, भावकीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत असतो. तसंच विधींचं. भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं दुसरं लग्न केल्याच्या आरोपातून नवऱ्याला सोडलं, कारण ते दुसरं लग्न आवश्यक विधींनी किंवा सिद्ध झालेल्या रूढीनं लागलं होतं हे दाखवता आलं नाही. पहिल्या बायकोच्या डोळ्यांसमोर संसार थाटला गेला, आणि कायद्याला दुसरं लग्न दिसलंच नाही. द्विभार्येचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ८२ व्या क्रमांकावर गेलं आहे, पूर्वी ते ४९४ होतं. क्रमांक बदलला, अडचण तीच आहे. म्हणून सांगते, आपल्या गावातली लग्नं डोळे उघडे ठेवून बघा. धनगराच्या लग्नात काय होतं, माळ्याच्या लग्नात काय होतं, कोणता विधी झाल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही, ते लिहून ठेवा.

(एक गंमतीची वाटेल पण खरी गोष्ट : हिंदू कायद्याचं जे पुस्तक वकिलाच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असतं, ते १९१२ साली लिहिलं दिनशा मुल्ला यांनी, म्हणजे एका पारशी गृहस्थांनी. साताऱ्याच्या विधी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते इस्माईलसाहेब मुल्ला निराळे. दोघांची गल्लत करू नका.)

आता मी ज्याच्यासाठी आले त्या गोष्टीकडे येते.

कायद्यानं चोवीसातले चार मुलीला दिले. सातबाऱ्यावर काय दिसतं? कितीतरी उताऱ्यांवर भावाचं नाव, त्यापुढे ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीच्या पाण्याची पाळी असते, आणि बहीण असते. मग एखाद्या वर्षी फेरफार निघतो आणि ती तिथूनही नाहीशी होते. कशानं? हक्कसोडपत्रानं.

मी वकिली सुरू केली तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात पाहिलेली एक बाई मला अजून आठवते. पन्नाशीची असेल. भावांबरोबर जीपमधून आली होती. कागद तयारच होता. मी विचारलं, वाचलात का? म्हणाली, भावानं वाचलाय. जमीन किती आहे विचारलं, तर तिला गुंठ्यापर्यंत माहीत होतं. कोणत्या बांधावर कोणतं झाड आहे तेही. तिला कायदा माहीत नव्हता असंही नाही. हिस्सा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग सही का? तिनं मला उलट विचारलं, "सही नाही केली तर दिवाळीला बोलावतील का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्यापाशी कलमं होती.

आता करार कायदा काढा. १८७२ चा, तुमच्या यादीतला पहिला विषय. कलम २५ सांगतं की मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल, पण जवळच्या नात्यात, स्वाभाविक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी, लेखी आणि नोंदणीकृत असेल तर तो टिकतो. बहुतेक हक्कसोडपत्रांत हेच शब्द असतात : प्रेमापोटी, स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय. आणि त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं, एकाचं दुसऱ्याच्या मनावर वर्चस्व असेल आणि त्यानं त्याचा गैरफायदा घेतला, तर ती संमती खरी संमती नव्हे. त्या बाईची सही कोणत्या कलमात बसते? २५ मध्ये की १६ मध्ये? भावावर तिचं प्रेम होतं, ते खोटं नव्हतं. आणि तिच्यावर दबावही होता. माहेर तुटण्याची भीती कोणी तोंडानं घातली नव्हती, ती तिच्या मनात लहानपणापासून होतीच. हा प्रश्न मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना घालत आले आणि प्रत्येक वर्गात मुलं आणि मुली दोन बाजूंना वाटली गेली.

भाऊ सगळे लबाड असतात, असं मी म्हणत नाही. माण तालुक्यात पाऊस किती पडतो ते तुम्हाला माहीत आहे. इथल्या कोरडवाहू रानावर भावाचंच पोट भरत नाही. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, बहिणीच्या लग्नात काढलेलं कर्ज. तो म्हणतो, लग्नात खर्च केला तोच तिचा हिस्सा. हे त्याला मनापासून वाटतं. पण कायद्यात तसं नाही. लग्नाचा खर्च वेगळा, हिस्सा वेगळा. आणि हे त्याला शांतपणे, न चिडता सांगू शकेल असा माणूस त्याच्या ओळखीचा नसतो. वकिलाकडे तो कागद तयार करून घ्यायला जातो, सल्ला घ्यायला जात नाही.

तुम्ही तो माणूस व्हायचं आहे, हे मला सांगायचं आहे. कायद्याचं पहिलं वर्ष कशासाठी? सहीच्या आधीच्या अर्ध्या तासासाठी. त्या अर्ध्या तासात बहिणीला बाजूला, एकटीला बसवून सांगायचं की तुझा हिस्सा इतका. सोडायचा तर सोड, तो तुझा हक्क आहे. पण पूर्ण सोडलाच पाहिजे असं नाही. हिश्श्याच्या बदल्यात रक्कम घेता येते. थोडा ठेवून थोडा सोडता येतो. नाव लागू देऊन जमीन भावाला कसायला देता येते, पाच वर्षांनी पुन्हा बोलता येतं. सोडलेला हक्क मात्र नोंदला गेला की परत आणायला तालुक्याच्या कोर्टापासून सुरुवात करावी लागते, आणि हिराबाईंना किती वर्षं लागली ते आत्ताच ऐकलंत. तोंडी सोडला म्हणून तो जात नाही, हेही सांगायचं. आणि वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या जमिनीतला पुढे मिळू शकणारा वाटा आजच लिहून घेतला असेल, लग्नाच्या आधी घेतात तसा, तर त्या कागदाला सहसा किंमत नसते. जे अजून मिळालेलंच नाही ते सोडता येत नाही.

पूर्वी हे बाहेरून कोणीतरी येऊन सांगायचं. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. पण जमीन देणारी ती माणसं आपल्यातलीच होती. आता गावोगाव कायद्याचे विद्यार्थी आहेत. या दोन रांगांतच बारा-तेरा दिसतात, आणि त्यांत मुली जास्त आहेत. तुमच्यातल्या काहींच्या घरी उद्या-परवा असाच कागद तुमच्याही पुढे येईल. तेव्हा तुम्ही काय कराल ते मी ठरवणार नाही. फक्त तो कागद दुसऱ्यानं वाचलेला नको.

उद्या सकाळी दहा वाजता मी इथेच, याच सभागृहात बसणार आहे. संयोजकांनी परवानगी दिली आहे. मुलांनो, घरी जाऊन सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. 'इतर हक्क' रकाना वाचा. खंडाप्पांच्या घराचं केलं तसं आपल्या घराचं गणित मांडा, कोणाचे किती चोविसांश ते लिहा, आणि कागद घेऊन या. तुमच्या आत्या जवळपास दिल्या असतील, तर येताना त्यांनाही घेऊन या.